अमळनेरच्या घराच्या प्रकल्प नोंदी: खोक्यावरची किंमत आणि वहीतली किंमत

२ मार्च २०२५, रविवार

काम ठरलं. अमळनेरच्या घरात आई आणि अण्णा दोघंच असतात. मी जळगावला, धाकटा भाऊ सुरतेला. गेल्या मे महिन्यात रात्री दोनला वीज गेली आणि उकाड्याने आईला घेरी आली. अण्णांनी पहाटेपर्यंत तिला पुठ्ठ्याने वारा घातला आणि मला फोन केला तो सकाळी सातला, झोपमोड नको म्हणून. तेव्हापासून मनात आहे की पुढचा उन्हाळा असा जाऊ द्यायचा नाही.

तीन गोष्टी घ्यायच्या आहेत. इन्व्हर्टर, पाणी शुद्ध करायचं मशीन आणि दारावर कॅमेरा. मर्यादा ४५ हजार रुपये, दोघा भावंडांत निम्मे निम्मे.

हिशेब अण्णाच लिहिणार. त्यांनी ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, रोज रात्री वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) आणि पिशवीतली रक्कम जुळल्याशिवाय ते डेपोतून निघाले नाहीत. आज त्यांनी शंभर पानी वही काढली आणि प्रत्येक पानावर दोन रकाने आखले: "दुकानात सांगितले" आणि "खिशातून गेले". मी विचारलं, दोन कशाला? म्हणाले, "आमचं बरं होतं. तिकीटवर जितला छापेल शे तितलाच. यांचं काय ते बघू."

१६ मार्च, रविवार

जळगावात खरेदी. एकाच दुकानातून सगळं घेतलं म्हणजे पुढे एकाच माणसाला धरता येईल, हा माझा हिशेब.

इन्व्हर्टर ९०० व्हीएचा (हे भार पेलण्याचं माप), ६,५००. बॅटरी १५० एएचची (अँपिअर-तास, हे साठवणीचं माप), उंच ट्युब्युलर, १५,०००. आरओ मशीन १४,५००, "बसवणी मोफत". कॅमेरे दोन, २,३०० प्रमाणे ४,६००. पहिल्या रकान्यात ४०,६०० पडले. मर्यादेत बसतंय म्हणून बरं वाटलं.

दुकानदार बोलायला चांगला. पण आता गाडीत बसून लिहिताना एक गोष्ट खटकते आहे. त्याने घरात माणसं किती ते विचारलं, स्वयंपाकघराच्या टाइल्सचा रंग कुठला तेही विचारलं, कारण मशीन काळ्या आणि पांढऱ्या रंगात मिळतं. घरात पाणी कुठलं येतं, हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२३ मार्च, रविवार

इन्व्हर्टर आणि आरओ बसले. दुसरा रकाना आजच पहिल्याच्या पुढे गेला.

बॅटरीची ट्रॉली ९०० (बॅटरी जमिनीवर ठेवायची नाही, हे बसवायला आलेल्या मुलाने सांगितलं). पंखे-दिव्यांसाठी बोर्डापासून वेगळी लाइन ओढायची १,८००. आणणं-बसवणं ५००. आरओच्या आधी लावायचा प्री-फिल्टर खोक्यात नव्हताच, तो ६५०. नळाला जोडायचा व्हॉल्व्ह आणि जादा पाइप ३५०. बसवणी मोफत हे खरं, पण जे बसवायचं त्यातलं निम्मं खोक्याबाहेर.

इन्व्हर्टर २४,७००. आरओ १५,५००. अण्णांनी प्रत्येक रकमेची पावती मागितली. ट्रॉलीची मिळाली नाही, म्हणून तिथे वहीत "तोंडी" असं लिहिलं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर कॅमेरे लावले. एक फाटकावर, एक ओट्यावर.

आधी घरात इंटरनेट घ्यावं लागलं, ते महिना ४९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९. मग कॅमेरे राउटरला जोडले जाईनात. दीड तास गेला. शेवटी कळलं की हे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि माझा फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला लागलेला होता. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापलं आहे. मला शोधून सापडलं, अण्णांना कधीच सापडलं नसतं.

मेमरी कार्ड वेगळी, ६४ जीबीची दोन, १,३००. वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की कॅमेरा आंधळा. राउटरचा प्लग नव्या लाइनवर नाही, म्हणून त्याला छोटा यूपीएस, १,४००. कॅमेऱ्यांचं पान ७,३०० वर थांबलं.

तिन्ही पानं मिळून ४७,५००. मर्यादा ओलांडली, भावाला फोन करून सांगितलं.

ॲपमध्ये तीस दिवस सगळं फुकट: माणूस आला की वेगळी सूचना, क्लाउडवर साठवण. त्यासाठी कार्डाचा नंबर मागितला, मी दिला.

१३ एप्रिल, रविवार

आज पाण्याचं काम, आणि ते सविस्तर लिहायला हवं.

घराला पाणी दोन ठिकाणांहून येतं. नळाला काही दिवसांनी येतं, ते खालच्या टाकीत साठवतो. बाकी सगळं बोअरचं. पूर्वी आई प्यायला नळाचं पाणी वेगळं भरून ठेवायची. मशीन आल्यावर तिला वाटलं, आता काय, कुठलंही चालेल, आणि मशीनला जोडली गेली ती वरची टाकी, म्हणजे बोअर. बसवणाऱ्यानेही विचारलं नाही.

टीडीएस मीटर घेतला, २८० रुपयांना. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, ते. बोअर: १,१८०. मशीनमधून आलेलं: ९०. टाकाऊ नळीतून येणारं: १,५४०. आणि खालच्या टाकीतलं नळाचं पाणी: ३१०.

शेवटचा आकडा मी तीनदा मोजला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे क्षारांच्या बाबतीत नळाचं पाणी मुळात ठीकच होतं. त्यातले जंतू मारायचे होते, क्षार काढायचे नव्हते, आणि आरओ हे क्षार काढायचं यंत्र आहे. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये हेच म्हटलं होतं: जिथे पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला, आणि जिथे परवानगी द्याल तिथे निदान ६० टक्के पाणी परत मिळालं पाहिजे.

आमच्या मशीनचं किती मिळतं, ते अण्णांनी मोजलं. एका नळीखाली लिटरचं माप, दुसरीखाली बादली. एक लिटर चांगलं पाणी भरेपर्यंत बादलीत तीन लिटर. म्हणजे २५ टक्के. दिवसाला प्यायला-शिजवायला सोळा लिटर लागतं, तर अठ्ठेचाळीस लिटर खारट पाणी नुसतं वाहून जातं, तेही बोअरची मोटर चालवून उपसलेलं. आईने ते वाया जाऊ नये म्हणून आठवडाभर तुळशीला घातलं. तुळशीची पानं कडेने करपली आहेत. आता ते फरशीला आणि संडासात वापरायचं ठरलं. फरशीवर वाळल्यावर पांढरा थर राहतो.

अण्णा लहानपणी बोरी नदीच्या पात्रात झिरा खोदून पाणी भरायचे. मीटरवरचा ९० आकडा बघून त्यांनी मशीनच्या पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "याला चवच नाही. चहा पण फिका लागतो." मला ते तेव्हा साधंच बोलणं वाटलं. क्षार इतके काढल्यावर पाण्याला चव कुठून राहणार?

३० एप्रिल, बुधवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

रजा टाकून आले. दोन्ही आत्या, मावशी, चुलत बहिणी माहेरपणाला आल्या आहेत. घागर भरून ठेवली, पुरणाचे मांडे झाले, निंबाला झोका बांधला. दुपारी ओट्यावर बाया बसल्या, पण गाणी काही सुरू होईनात. आत्या आईला म्हणाली, "म्हन ना ओ वहिनी." आई पदर डोक्यावर ओढून बसलेली. घरात, स्वतःच्या ओट्यावर.

मग हळूच मला म्हणाली, "त्या डोयाम्होरे काय गाणं म्हनू मी?"

ओट्यावरचा कॅमेरा. महिनाभर ती त्याच्यासमोरून जाताना पदर सावरत होती. दुपारी ओट्यावर पाय पसरून बसणं तिने सोडलं होतं, आणि हे अण्णांनाही माहीत नव्हतं. मी जळगावला जेवणाच्या सुट्टीत फोनवर ओटा बघायचे, रिकामा दिसला की वाटायचं, आई झोपली असेल. तिच्या काळजीसाठी लावलेल्या वस्तूने तिचीच जागा घेतली होती. कुठल्याही रकान्यात न बसणारा हा खर्च मी आज इथे लिहून ठेवते आहे.

स्टूल घेऊन तो कॅमेरा उतरवला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत गाणी चालली. फाटकावरचा ठेवला आहे, त्याला आईची हरकत नाही.

रात्री फोन बघितला तर कालच खात्यातून २,९९८ रुपये गेलेले. दोन कॅमेरे, प्रत्येकी १,४९९, वर्षाचा प्लॅन. तीस दिवस काल संपले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापायच्या रकमेची सूचना निदान २४ तास आधी यावी लागते, ती आली होती, दुसऱ्या चाळीस संदेशांच्या खाली. पण फुकटचे दिवस सुरू करताना पडद्यावर "१,४९९" कुठेही दिसलं नव्हतं आणि "रद्द करा" हे बटण आजही सापडत नाही.

११ मे, रविवार

इन्व्हर्टरची खरी परीक्षा. दुपारी साडेतीनला वादळी वारा सुटला, वीज गेली. मी घरात होते, घड्याळ लावलं.

दुकानात "चार तास आरामात" असं सांगितलं होतं. दोन तास दहा मिनिटांत बॅटरी उतरली. अण्णा मला म्हणाले, फसवलं. मी वही घेऊन बसले, आणि मला वाटतं की फसवलं नाही, अर्धंच सांगितलं. ते कसं, ते पुढच्या माणसाच्या उपयोगासाठी लिहिते.

बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच. गुणाकार १,८०० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये डीसीचं एसी होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून साधारण ८० टक्के धरले तर १,४४० उरले. आमचा भार: जुने तीन पंखे ७५ वॉटचे, म्हणजे २२५, दोन ट्यूब ४०, कूलर १९०, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स धरून ४७०. भागाकार केला तर तीन तास. तेही मिळाले नाहीत, कारण १५० एएच हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने, रिकामी केली तर मिळतो. आम्ही कूलरसकट तिच्यातून ४५ ते ५० अँपिअर खेचत होतो. जोरात खेचलं की बॅटरी कमी देते. आणि ९०० व्हीए म्हणजे ९०० वॉट हेही खरं नाही, त्याहून कमी भार पेलतो तो.

"चार तास" ही थाप नाही, पण कोणत्या भारावर चार तास, हे सांगितलं नाही तर त्या आकड्याला अर्थच नाही. कंडक्टरने "भाडं वीस रुपये" एवढंच सांगून कुठपर्यंतचं ते सांगायचं नाही, असं झालं.

उपाय म्हणून झोपायच्या खोलीत आणि माजघरात बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे घेतले, २८ ते ३० वॉटचे, २,९०० प्रमाणे ५,८००. छतावरच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे. आमचे जुने पंखे त्याच्या खूप आधीचे. हा खर्च दुकानदाराच्या माथी मारत नाही, पण मार्चमध्ये त्याने भार विचारला असता तर आधी पंखे बदलले असते.

२५ मे, रविवार

रात्रीची चाचणी: दोन नवे पंखे आणि कूलर, चार तास वीस मिनिटं. आई झोपली. ज्या कामासाठी सुरुवात केली ते एक काम झालं.

पण बॅटरी पश्चिमेच्या गॅलरीत पत्र्याखाली ठेवली होती, बसवणाऱ्या मुलाने तीच जागा सोपी म्हणून निवडली. दुपारी चारला तिथे थर्मामीटर लावला: ४६ अंश. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून मोजतात आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं, हा ढोबळ नियम आहे. खान्देशात मे महिन्यात पत्र्याखाली बॅटरी ठेवणं म्हणजे तिला तव्यावर ठेवणं. बॅटरीतली पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दट्टे दोन महिन्यांतच खाली गेले होते.

वायरमन बोलावून इन्व्हर्टरसकट सगळं उत्तरेच्या बोळात हलवलं, ६०० रुपये. बंद खोलीत ठेवता येत नाही, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. देवघराजवळ तर अजिबात नको.

आणखी एक. शेजारचे काका बॅटरीत आरओचं पाणी घालतात, "शुद्धच तर असतं" म्हणून. आमचं शुद्ध पाणी ९० टीडीएसचं आहे, म्हणजे त्यात अजून क्षार आहेतच. बॅटरीला डिस्टिल्ड पाणीच लागतं. दोन कॅन आणून ठेवले, ३००.

वॉरंटी कार्डही आज नीट वाचलं. "३६ + २४ महिने" लिहिलंय, आम्ही पाच वर्षं समजत होतो. पहिले ३६ महिने बदलून मिळणार. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर फक्त सूट, आणि ती छापील किमतीवर. छापील किंमत २१,०००, दुकानात विकतात १५,००० ला. समजा चाळिसाव्या महिन्यात ३० टक्के सूट मिळाली, तर १४,७०० भरायचे. तीनशे रुपयांचा फायदा. त्याला पाच वर्षांची वॉरंटी म्हणणं मला पटत नाही.

८ जून, रविवार

कॅमेऱ्याचे २,९९८ परत आले.

कंपनीला तीन मेल केले, तिन्हींना एकच ठोकळेबाज उत्तर. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, १९१५. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळाला, पडद्याचे फोटो जोडले. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांत तेरा प्रकार सांगितलेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यांतला एक. माझ्या तक्रारीत मी तेच शब्द वापरले. तीन आठवड्यांत पैसे जमा.

आता कॅमेरा नुसत्या मेमरी कार्डवर चालतो आहे. फाटकावर कोण आलं ते दिसतं, तेवढंच हवं होतं.

६ जुलै, रविवार

आरओ बंद पडलं. बिघडलं नाही, थांबलं. लाल दिवा, बारीक शिट्टी, नळातून पाणी नाही. पंप चालू, टाकी भरलेली. मशीनमध्ये लिटर मोजणारी चिप आहे, ठरलेले लिटर झाले की ती पाणी देणं बंद करते आणि फिल्टर बदलून कंपनीच्या माणसाने ती पुन्हा शून्यावर आणावी लागते. गावातला मिस्त्री फिल्टर निम्म्या पैशात बदलून देतो, पण म्हणाला, "ताई, मशीन माझ्या हातात आहे, कुलूप त्यांच्या हातात." भरलेल्या टाकीपुढे आई तांब्या घेऊन उभी.

तीन दिवसांनी माणूस आला. फिल्टर २,४००, भेटीचे ४५०. वॉरंटी वर्षाची आहे म्हटलं, तर फिल्टर "कन्झ्युमेबल", म्हणजे झिजणारी वस्तू, वॉरंटीत येत नाही. मेम्ब्रेननेही, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यानेही, खार धरलाय, ती ३,१००. तीही येत नाही. मग या मशीनमध्ये वॉरंटीत येतं काय? पंप, अडॅप्टर आणि प्लॅस्टिकचं कपाट. पाणी ज्यातून शुद्ध होतं ते सगळं बाहेर.

एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, घ्या म्हणाला. ४,५०० मेम्ब्रेनशिवाय, ७,५०० मेम्ब्रेनसकट, दरवर्षी. १४,५०० च्या मशीनला दोन वर्षांत तेवढेच पैसे. नाही म्हटलं, फिल्टरचे २,८५० दिले.

तो गेल्यावर टीडीएस मोजला: २४०. आधी ९० होतं. मेम्ब्रेन न बदलता पाणी "चवीला गोड" व्हावं म्हणून त्याने मागचा स्क्रू फिरवला होता. त्या स्क्रूने मेम्ब्रेन टाळून आलेलं कच्चं पाणी थोडं थोडं मिसळतं. अण्णांना चव आवडली, हेही लिहिते. पण न सांगता केलं, ते चूक.

२० जुलै, रविवार

बोअरच्या पाण्याचा नमुना जळगावात तपासायला दिला होता, ५०० रुपये. कठीणपणा, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला ७२० मिलिग्रॅम आला. मानकात स्वीकार्य २००, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत. तापी खोऱ्यात बोअरच्या पाण्याला खार असतो हे इथे लहान पोरालाही माहीत आहे: भांड्यावर थर, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.

मग मशीनची पुस्तिका काढली. खोक्यावर ठळक: "२,००० टीडीएसपर्यंत". पुस्तिकेच्या एकविसाव्या पानावर: येणाऱ्या पाण्याचा कठीणपणा ६०० पर्यंत, त्यापुढे मेम्ब्रेनची जबाबदारी नाही. म्हणजे जे मशीन आमच्या बोअरला लावायचंच नव्हतं ते तिथे लावलं, आणि जिथे चाललं असतं त्या नळाच्या पाण्याला त्याची गरज नव्हती.

मला राग आला तो यावर. पुस्तिका खोक्यात असते, खोकं पैसे दिल्यावर उघडतं.

जिल्हा ग्राहक आयोगाचं बघून ठेवलं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही लागत नाही. अण्णा म्हणाले, पाणी कुठलं ते आपणही सांगितलं नाही, आधी आपलं वेबिल चोख पाहिजे. तूर्त थांबले.

३ ऑगस्ट, रविवार, कानबाई (खान्देशातला देवीचा उत्सव)

घरात पन्नास माणूस, रोटांचा दळलेला गहू, रात्रभर जागरण. मशीन बंदच ठेवलं. आईने माळ्यावरचा स्टीलचा कँडल फिल्टर उतरवला, दोन नव्या कँडल ३४०. नळाचं पाणी कँडलमधून गाळून, उकळून, माठात. कँडलने गाळ जातो, जंतूंसाठी उकळी फुटू देणं आलंच. सगळ्यांना पुरलं.

२४ ऑगस्ट, रविवार

अण्णांनी पानं जुळवली.

इन्व्हर्टर: सांगितले २१,५००, गेले ३१,४०० (पंखे धरून). आरओ: सांगितले १४,५००, गेले १९,४७० (मीटर, तपासणी, कँडल धरून). कॅमेरे: सांगितले ४,६००, गेले १०,८३४ (सहा महिन्यांचं इंटरनेट धरून). बेरीज ४०,६०० आणि ६१,७०४. खोक्यावरच्या किमतीच्या दीडपटीहून थोडे जास्त, सहा महिन्यांत.

इन्व्हर्टरचा मला पश्चात्ताप नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्याचाही नाही. आरओ भिंतीवर तसंच आहे, वीज काढलेली. विकू म्हटलं तर गावात दोन हजारांच्या वर कोणी बोलत नाही, कुलुपाचं सगळ्यांना माहीत आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

थंडीच्या आधी गिझर घ्यायचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, बंब पेटवणं आता तिला होत नाही. आज अण्णा माझ्याबरोबर जळगावला आले, त्याच दुकानात. धोतराच्या घडीतून त्यांनी आखलेला कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

"शेठ, पाणी बोअरचं आहे, कठीणपणा ७२०. तपासणीचा कागद हा. आता पाच वर्षांत याला काय काय लागेल ते इथे लिहून द्या आणि सही करा."

दुकानदाराने आधी हसून बघितलं, मग अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून पेन घेतलं. लिहिलं: बसवणी आणि प्रेशर व्हॉल्व्ह, इतके. मग थांबून आतल्या मुलाला विचारलं आणि लिहिलं: टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड, खाऱ्या पाण्यात वर्षाने बघायचा, झिजला तर बदलायचा, इतके. तिसरी ओळ: हीटिंग कॉइलवरचा खार काढणं, दरवर्षी, इतके. चौथ्या ओळीवर अण्णांनी बोट ठेवलं: टाकीची वॉरंटी या पाण्याला लागू आहे की नाही?

त्याने कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं आम्ही बाकावर बसलो, चहा आला. फोन ठेवून तो म्हणाला, "काका, ते लेखी द्यायला तयार नाहीत."

अण्णांनी कागद घडी करून परत खिशात ठेवला. गिझर घेतला नाही. येताना नळाच्या टाकीतून न्हाणीघरापर्यंत पाइप टाकायला किती लागेल, ते प्लंबरला विचारून आलो. १,४०० म्हणाला, पाइपासकट, आणि मागायच्या आधीच पावतीपुस्तक काढून दाखवलं.

पुढच्या रविवारी पाइप.